पहिले चाळीस शब्द

“पानाच्या तोंडाशी प्रश्नच राहू दे,” सिस्टर मला म्हणाल्या होत्या. “उत्तर द्यायची घाई नको. आई फोन करते ना, ती एका दमात दहा गोष्टी सांगते, मध्येच रडते, मध्येच नवऱ्याला बोल लावते. तिला तिथंच अडवायची आणि आधी वय विचारायचं. बाळ किती दिवसांचं? बाकीचं सगळं त्याच्यानंतर.” मी मान हलवली. समोरच्याला ऐकल्यासारखं वाटावं आणि आपण मनात दुसरंच काही करत असावं, अशी मान हलवायला मी कॉलेजातच शिकले होते. सिस्टर एकतीस वर्षं एका बालरुग्णालयात होत्या, त्यातली शेवटची चौदा फोनच्या खुर्चीवर. रुग्णालयानं वेबसाइट केली, खुर्ची काढली, आणि जाताना सिस्टरांनाच सांगितलं की तुम्हाला जे माहीत आहे ते पानापानांत लिहून द्या. त्यांनी ते जुन्या तापाच्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला निळ्या शाईत लिहिलं होतं, आणि ते सगळं नीटनेटकं करायला आमच्या ऑफिसात आलं होतं. माझ्या टेबलाशी त्या अंग चोरून बसल्या होत्या, रबरी तळाचे बूट एकमेकांना चिकटवून. मी त्यांना समजावलं, “सिस्टर, प्रश्न लोक विचारतात. यंत्राला उत्तर लागतं. पानाची सुरुवात प्रश्नानं झाली की यंत्र ते पान उचलतच नाही.” “मग यंत्रालाच सांग की, आधी वय विचारत जा म्हणावं.” “ते आपल्या हातात नसतं हो.” “बरं. मग आपल्या हातात काय असतं?” त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, खरंच माहिती हवी होती त्यांना. मी हसले. त्या गेल्यावर त्यांचा अर्धा चहा तसाच राहिला होता, वर साय धरलेली. ती साय मी बेसिनमध्ये ओतली तेव्हा ती जाळीला चिकटून बसली, आणि बोटानं ढकलावी लागली.

नंतर पाच महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी सव्वा वाजता, मी ऑफिसच्या कागदाच्या खोलीत दूध काढत बसले होते. ही खोली म्हणजे प्रिंटरच्या शाईची खोकी, मोडकी खुर्ची आणि आतून न लागणारी कडी. खाली कपडे धुण्याचं दुकान असल्यामुळे फरशीतून गरम वाफ आणि कसल्यातरी द्रावाचा वास वर येत राहायचा, आणि त्यात माझ्या दुधाचा आंबूस वास मिसळला की मला स्वतःचीच शिसारी यायची. पंपाचा तो आवाज, म्हातारं माणूस तोंड उघडं टाकून झोपल्यासारखा. घरी माझी गुंडी, अकरा महिन्यांची, सासूबाईंपाशी होती. मी एका हातानं बाटली धरून दुसऱ्या हातानं सासूबाईंना ‘खाल्लं का, किती खाल्लं, शी झाली का, कशी झाली’ असं विचारत होते, आणि त्या उत्तरादाखल फक्त अंगठ्याचं चित्र पाठवत होत्या. तेवढ्यात धाकटीचा फोन आला. माझी सख्खी बहीण, तिचं बाळ अडतीस दिवसांचं. “ताई, कामात आहेस?” “गोठ्यात आहे,” मी म्हटलं. ती हसली. “काही नाही गं, सहजच केला. बाळाचं अंग कालपासून जरा गरम लागतंय. पण तू घाबरू नकोस, मी विचारलंय सगळं फोनला. म्हटलं तुला कशाला त्रास. नुसतं सांगावं म्हणून केला.” “काय म्हणाला फोन?” मी विचारलं. माझं लक्ष बाटलीवरच्या रेघेकडे होतं. नव्वद झालं होतं. “थांब, वाचते,” ती म्हणाली, आणि शाळेत धडा वाचायची तशा सुरात तिनं वाचलं: “लहान मुलांमधला बहुतेक ताप दोन ते तीन दिवसांत आपोआप उतरतो. अंगावर हलके कपडे ठेवा, वरचेवर पाजत राहा आणि झोपू द्या. तापात मूल थोडं कोमेजल्यासारखं दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.” मग आपल्या आवाजात म्हणाली, “आणि अगदी तसंच आहे गं. कोमेजल्यासारखंच. सकाळपासून नुसतं झोपलंय, दूधसुद्धा मागत नाही. किती बरोबर सांगतात ना?”

ते वाक्य माझं होतं. आपल्या हातचा टाका आपल्याला ओळखू येतो तसं ते मला ओळखू आलं, आणि ओळख पटण्याच्या आधीच, हे मला लिहायलाच हवं, एक क्षणभर मला बरं वाटलं. आलं आपलं पान. उचललं यंत्रानं. मग ‘अडतीस दिवसांचं’ हे कानात पुन्हा वाजलं, आणि मी पंप बंद केला.

आमचं काम सांगायला सोपं आहे. पूर्वी लोक काही शोधायचे तेव्हा पानांची यादी समोर यायची आणि माणूस दोन-चार पानं उघडून बघायचा. आता यादीच्या आधी उत्तर येतं. एआय कुठूनकुठून चार वाक्यं उचलतं, जोडतं, आणि जन्मभर हेच करत आल्यासारखं ठामपणे सांगतं. कुठून उचललं ते खाली बारीक अक्षरांत असतं, आणि त्या बारीक अक्षरांत आपल्या गिऱ्हाइकाचं नाव यावं म्हणून आम्ही एकेक पान घेऊन बसायचो. सगळी वेबसाइट एकदम नाही. एकच पान घ्यायचं, त्याचा मथळा बदलायचा, पोटात दडलेलं उत्तर वर आणायचं, आणि प्रत्येक परिच्छेद असा सोडवायचा की तो चिमट्यात धरून उचलता आला पाहिजे, मागेपुढे काही लोंबता कामा नये. लोंबणं हा आमच्या टीमच्या मुख्याचा शब्द. “काय लोंबतंय ते कापा,” तो म्हणायचा. पहिल्या चाळीस शब्दांत उत्तर नसेल तर पान मेलं, असं तो दिवसातून चाळीस वेळा सांगायचा, म्हणून आम्ही त्याचं नाव चाळीस ठेवलं होतं. वय त्याचं तीसही नव्हतं. दात फार स्वच्छ, बोलताना जवळ यायचा, तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा वास. सिस्टरांच्या पानाची सुरुवात अशी होती: ‘बाळ किती दिवसांचं आहे? तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि अंग गरम लागत असेल, तर पुढचं काही वाचू नका. निघा.’ चाळीसनं ते स्क्रीनवर वाचलं आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “ही बाई तर वाचकाला हाकलूनच देतेय! पहिल्याच ओळीत सांगते, पुढचं वाचू नका!” सगळे हसले. मीही हसले. विनोद खरंच चांगला होता.

मी ते कापलं. अगदी टाकून नाही दिलं, तेवढी मी बेजबाबदार नाही, असं मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. सिस्टरांची ओळ मी खाली नेली, ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ या भागात, सातव्या क्रमांकावर, तिथं तिला तिचं स्वतंत्र घर दिलं. आमच्या धंद्यात हे चांगलं काम समजतात, प्रत्येक प्रश्नाला आपापलं घर. आणि वर, रिकाम्या झालेल्या जागी, मी उत्तर लिहिलं. त्याच्या थोडेच दिवस आधी गुंडीला, ती सहा महिन्यांची असताना, पहिला ताप आला होता आणि तिसऱ्या दिवशी उतरलाही होता. ते तीन दिवस मी तिच्या पाळण्याशी बसून तिच्या नाकपुड्या बघत होते. तिचा चेहरा पाणी न मिळालेल्या झाडासारखा झाला होता, आणि मग एका सकाळी तिनं टक्क डोळे उघडले आणि माझा चष्मा ओढला. त्या सुटकेतून ते वाक्य आलं होतं. कोमेजल्यासारखं. मला त्या पानावर एक तरी माणसाचा शब्द हवा होता. चाळीस म्हणाला, “हे झकास. यंत्राला असा अनुभव आवडतो. तू आई आहेस याचा फायदा घे.” मी घेतला. माझ्या लेकीच्या आजारपणातला एक शब्द काढून मी गळाला लावला, आणि मला त्या दिवशी फार हलकं वाटलं होतं, एखादं ओझं सत्कारणी लागल्यासारखं.

आणि फोनच्या त्या टोकाला धाकटी वाट बघत होती, मी काहीतरी म्हणेन म्हणून. ती मला आधी सारखे फोन करायची. बाळ शिंकलं, बाळाची बेंबी ओली दिसते, बाळ झोपेत हसलं, हे बरोबर आहे का. लहानपणीही तिचं असंच होतं. रस्ता ओलांडताना गाडी दिसत असतानासुद्धा विचारायची, ताई, गाडी येतेय का? पंधरा दिवसांपूर्वी एका मीटिंगच्या मध्ये तिचा तिसरा फोन आला तेव्हा मी बाहेर जिन्यात येऊन दबक्या आवाजात तिच्यावर खेकसले होते, “अगं प्रत्येक गोष्ट मला काय विचारतेस? हातात फोन आहे ना? विचार की त्याला! सगळं जग विचारतं.” “बरं,” ती म्हणाली होती. नुसतं बरं. त्यानंतर तिचे फोन थांबले, आणि मला वाटलं, शिकली पोरगी. काल दुपारपासून तिनं फोनला विचारलं असणार, एकदा, दोनदा, रात्रीतून दहादा, आणि दर वेळी तो मीच बोललेलं तिला ऐकवत राहिला असणार, न खेकसता, न थकता, माझ्यापेक्षा कितीतरी गोड सुरात.

“निघ,” मी म्हटलं. “काय?” “बाळाला घे आणि निघ. आत्ता. कपडे बदलू नकोस. मी हॉस्पिटलच्या दारात येते.” “अगं पण इथं तर म्हटलंय...” “काय म्हटलंय ते मला माहितेय!” मी ओरडले. बाहेर टायपिंगचा आवाज थांबला. धाकटी घाबरून रडायला लागली. “ताई, तू अशी काय बोलतेस? कोण म्हणालं तुला? तिथं स्पष्ट लिहिलंय, घाबरण्यासारखं...” मी तिला सांगायला हवं होतं की ते कोणी लिहिलंय. तोंडात आलं होतं. मी म्हटलं, “मी सिस्टरांना विचारलं होतं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर थांबायचं नसतं.” खोटं बोलताना खरी गोष्ट इतकी सहज हाताशी असते हे मला तेव्हा कळलं. उठताना बाटली कलंडली. नव्वदच्या वर गेलेलं दूध शाईच्या खोक्यावर, माझ्या चपलेत, फरशीवर पसरलं. मी ते तसंच टाकून निघाले. दारात चाळीस उभा होता, “काय झालं, कोणी गेलं का?” म्हणत. त्याच्या पुदिन्याच्या वासातून मी वाट काढली.

टॅक्सीत माझ्या चपलेत दूध बुळबुळत होतं. पाय हलवला की बोटांच्या मधून यायचं. सगळा रस्ता मी त्या चिकट पायाकडेच लक्ष ठेवून होते, कारण दुसरीकडे कुठं लक्ष गेलं तर ते कुठं जाईल हे मला माहीत होतं. सिग्नलला टॅक्सीवाल्यानं आरशातून विचारलं, “बाई, बरं वाटतंय ना? गाडीत काही करू नका हं, आत्ताच धुतलीय.” मी फोन काढून तोच प्रश्न विचारला. बाळाला ताप आलाय, काय करू? क्षणाचाही विलंब न लावता माझी तीन वाक्यं समोर आली, हलके कपडे, वरचेवर पाजा, कोमेजल्यासारखं. खाली बारीक अक्षरांत रुग्णालयाचं नाव. मग मी लिहिलं, बाळ अडतीस दिवसांचं आहे. तेव्हा कुठं त्याचा सूर बदलला, आणि त्यानं सातव्या क्रमांकाची ओळ वर आणली, ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. म्हणजे त्याला माहीत होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण आपण काय सांगायला विसरलोय हे ज्या आईला माहीत असेल ती कशाला विचारेल? तिला तर वाटतं बाळ म्हणजे बाळ. तिच्या घरात एकच आहे.

रुग्णालयाच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला एक कोनाडा आहे. तिथं सिस्टरांची खुर्ची असायची. आता तिथं पाण्याचं मशीन ठेवलंय, आणि भिंतीवर टेलिफोनच्या तारेचं तोंड अजून तसंच बाहेर आलेलं आहे. धाकटी आली तेव्हा तिच्या अंगात घरचा गाऊन आणि त्यावर नवऱ्याचा शर्ट होता, आणि बाळ टॉवेलात. मी टॉवेल बाजूला करून बघितलं. गुंडीचा चेहरा तापात असा नव्हता. हा चेहरा राखाडी होता, ओठांभोवती पुसल्यासारखा, आणि बाळ रडत नव्हतं. माझा शब्द चुकीचा होता. कोमेजतं ते पाणी घातलं की उठतं. हे तसं नव्हतंच. टेबलामागच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता पहिला प्रश्न विचारला, “किती दिवसांचं?” “अडतीस,” धाकटी म्हणाली. डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन टेबलावर पडलं आणि त्या उभ्या राहिल्या. मग सगळं फार भराभर झालं. बाळ आत गेलं, दार लागलं, कोणीतरी येऊन सांगितलं की पाठीतून पाणी काढून तपासायचंय, सही करा. धाकटीनं माझ्याकडे बघितलं. “ताई, करू सही?” गाडी येतेय का, विचारावं तसं. मी म्हटलं, “कर.” आतून एकदाच, कागद फाटल्यासारखा, बाळाचा आवाज आला, आणि धाकटीच्या शर्टावर दोन्ही बाजूंना ओले डाग पसरत गेले. तिचं दूध यायला लागलं होतं. माझंही. आम्ही दोघी बाकावर शेजारी शेजारी भिजत बसलो होतो, आणि तिनं माझा हात असा धरला होता की मला तो ओढून घ्यावासा वाटत होता. त्याच हातानं लिहिलं होतं मी ते.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीतला जंतू रक्तात गेला होता, आता औषधाला दाद देतोय. “आणखी एक दिवस घरी थांबला असतात...” त्या म्हणाल्या, आणि वाक्य पूर्ण न करताच पुढच्या खाटेकडे वळल्या. धाकटीनं ते वाक्य उचललं आणि आपल्या परीनं पूर्ण केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डाला ठाऊक झालं होतं की माझ्या ताईनं वाचवलं. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई मला मुद्दाम बघायला आल्या, माझ्या गालावरून बोटं फिरवून म्हणाल्या, “बहीण असावी तर अशी!” आईचा फोन आला, “तू होतीस म्हणून.” माझा नवरा, जो सहसा माझ्या काळजीला ‘तुझी चौकशी समिती’ म्हणतो, तोसुद्धा म्हणाला, “चला, तुझ्या शंकेखोरपणाचा एकदा तरी उपयोग झाला.” धाकटीचा नवरा माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा मात्र मी मागे सरकले आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन ओकले. पोटात काही नव्हतं. कडू पिवळं पाणी आलं. आरशात बघितलं तर डोळ्यांत पाणी आल्यामुळे चेहरा चांगल्या बाईसारखा दिसत होता. धाकटीनं बाहेरून दार वाजवलं, “ताई, तू तीन दिवस धड जेवली नाहीस माझ्यापायी.” तेव्हा सांगता आलं असतं. मग डबा उघडताना सांगता आलं असतं. मग बाळाला घरी सोडलं त्या दिवशी. प्रत्येक वेळी मी तोंड उघडलं आणि दुसरंच काहीतरी सांगितलं, दुपटी उन्हात घाल, नखं काप.

सिस्टरांना मात्र मी फोन केला. मी सगळं सांगितलं, कोनाड्यातल्या पाण्याच्या मशीनसकट. त्यांनी मध्येच अडवलं. “किती दिवसांचं?” “अडतीस.” “आता दूध पितंय?” “हो.” “मग झालं.” मला शिव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत. “सिस्टर, तुमची ओळ मी खाली नेली होती,” मी म्हटलं. “माहितेय. मी वाचलं होतं की ते पान, सूनबाईनं दाखवलं. म्हटलं, शिकलेल्या पोरी आहेत, काहीतरी विचार असेल.” त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, “एक राहिलंच सांगायचं तुला तेव्हा. वय विचारलं की नंबर लिहून घ्यायचा. वहीत. आणि संध्याकाळी आपण उलटा फोन करायचा, गेलात का? नेलंत का? आया हो म्हणतात आणि जात नाहीत. माझ्या चौदा वर्षांत उलटा फोन केल्याशिवाय मी कधी घरी गेले नाही. आता तुमचं ते यंत्र उलटा फोन करतं का गं?” याही वेळी त्यांना खरंच माहिती हवी होती.

ऑफिसात गेले तर कागदाच्या खोलीत दुधाचा वास कुजून भिंतीत शिरला होता, आणि खोक्यावर पिवळा पापुद्रा धरला होता. कोणी पुसलं नव्हतं. मी ते पान उघडून सिस्टरांची ओळ उचलली आणि पहिल्या जागी ठेवायला लागले, तोच चाळीस मागे येऊन उभा राहिला. “ए, त्या पानाला हात नको. उत्तरात वर चढलंय ते.” “माझ्या बहिणीचं बाळ मरत होतं.” “ऐकलं मी. वाईट झालं. पण ते सातव्या नंबरला आहे ना? पानावर सगळं आहे. लोकांनी पूर्ण वाचायला नको का?” “लोकांनी पूर्ण वाचू नये म्हणूनच तर आपण पगार घेतो,” मी म्हटलं. तो हसला, आणि मग मी हसत नाही असं बघून थांबला. “हे बघ, निम्मं ठेवू. वर उत्तर, त्याखाली लगेच बारीक सूचना.” तो वाईट माणूस नाही. त्याच्या टेबलावर त्याच्या भाचीचा फोटो आहे. त्यानं माझ्या डोळ्यांदेखत विचार केला, पुदिन्याची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली, आणि तडजोड सुचवली. मला ती गोळी त्याच्या तोंडातून बाहेर काढून फेकावीशी वाटली. मी पान बदललं. त्यानं अडवलं नाही, पण रुग्णालयाला कळवायला लागेल म्हणाला. रुग्णालयानं कुरकुर न करता होकार दिला.

आणि त्यानं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी फोनला विचारलं, बाळाला ताप आलाय, काय करू? कोमेजल्यासारखं. चौथ्या दिवशी, कोमेजल्यासारखं. फक्त खालच्या बारीक अक्षरांत आता रुग्णालय नव्हतं. एक गाद्या विकणारं पान होतं, एक लंगोटाचं, एक कुणातरी हौशी आईचं. पाच महिन्यांत त्यांनी माझी वाक्यं उचलली होती, शब्द पुढेमागे करून, आणि ‘चिमुकलं कोमेजून जातं’, ‘बाळ कोमेजलेलं वाटणं स्वाभाविक आहे’ अशी त्यांची पिल्लं सगळीकडे वळवळत होती. ओला कचरा उचलावा आणि खाली पांढऱ्या अळ्या दिसाव्यात तसं मला झालं. मी एकेकाला पत्र लिहिलं. गादीवाल्यांनी उत्तर पाठवलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. वाक्य चिमट्यात धरून उचलता आलं पाहिजे, आणि मी ते किती छान सोडवलं होतं. त्याच्या अंगावर मांसाचा एक धागा ठेवला नव्हता.

मी हे लिहितेय ते मन मोकळं करायला नाही. धाकटीला मी अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं की ती वाचेल, तिला वाचायची आवड आहे, आणि मग ती मला फोन करेल किंवा करणार नाही. मी हे लिहितेय ते आमच्या ऑफिसातल्या फळ्यामुळे. दोन महिन्यांपूर्वी, ते पान पहिल्यांदा चढलं तेव्हा, चाळीसनं केक आणला होता. पांढरी क्रीम, वर पानाच्या आकाराचं चॉकलेट. पानाच्या तळाशी ‘हे उत्तर उपयोगी पडलं का?’ अशी एक चौकट असते, तिच्यात कोणीतरी लिहून पाठवलं होतं, आणि चाळीसनं खुर्चीवर उभं राहून ते वाचलं: “उत्तर वाचून फार धीर आला. धन्यवाद.” टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, बोटांना क्रीम लागलेली. मग त्यानं तो मजकूर छापून फळ्यावर टोचला. तो कागद तेव्हापासून तिथंच आहे, मी रोज त्याच्यासमोरून पाणी प्यायला जाते. परवा ग्लास भरता भरता मी तो पहिल्यांदा वाचला. पहिल्यापासून. चाळीसनं शेवटची दोनच वाक्यं वाचली होती. त्याच्या आधी तीन आहेत. ‘बाळ तेवीस दिवसांचं आहे. अंग गरम आहे, दूध ओढत नाही. घरी मी एकटीच असते म्हणून विचारलं. उत्तर वाचून फार धीर आला. धन्यवाद.’

खाली नाव नाही, नंबर नाही. आम्ही मागतच नाही. चौकट जितकी छोटी तितकी लोक ती भरतात, हेसुद्धा मीच सुचवलं होतं. तारीख आहे, तिला आता नऊ आठवडे झाले. मी तो कागद काढून आणलाय, त्याला वरच्या बाजूला क्रीमचा तेलकट डाग आहे. ती कोणत्या गावात आहे, कितव्या मजल्यावर, मला माहीत नाही. ती तुमच्या जिन्यात असू शकेल. तुम्हाला ती दिसली असेल, विस्कटलेले केस, कचऱ्याची पिशवी घेऊन दारापर्यंत आलेली, आणि तुम्ही हसून पुढे गेला असाल, कारण नव्या आईला त्रास नको. गेले काही आठवडे तिच्या दोरीवर दुपटी वाळताना दिसत नसतील, तर तिला काही विचारू नका, नुसतं जवळ बसा. दिसत असतील, तर ती कदाचित ही बाई नसेल, दुसरी कोणी असेल, पण तीही घरी एकटीच असेल आणि तिच्याही हातात फोन असेल. जा आणि दार वाजवा. ती सांगेल, सगळं ठीक आहे, मी विचारलंय. तिला तिथंच अडवा. बाळ किती दिवसांचं, ते आधी विचारा. आणि मग घरी आलात की, संध्याकाळी, पुन्हा एकदा जा.